उजव्या कुशीवर

हेल्मेट डोक्यात ओढताना पहिल्यांदा कळलं. डिसेंबरातली सकाळ. साडेआठला उद्यमनगरातलं वर्कशॉप उघडायचं होतं. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळातून गाडी बाहेर काढली, हेल्मेट घातलं आणि उजव्या कानाच्या वरच्या कडेत अशी कळ गेली की हेल्मेट तसंच अर्धवट ठेवून मी उभा राहिलो. लेथवर जॉब काढल्यावर कडेला धातूची बारीक बर राहते, ती बेसावधपणे बोटात घुसते ना, तशी कळ. जागा एवढीशी, पण हात झटकून जात नाही.

संध्याकाळी आरशासमोर कान पुढे ओढून पाहिला. वरची कड जिथं आत वळते, तिथं मसुराच्या दाण्याएवढी एक गाठ. रंग कातडीचाच, थोडा लालसर, मधोमध पिवळट खपली. हिला दाखवलं.

"पुळी हाय," ती म्हणाली. "बोट लावू नका, आपोआप बसंल. मी सांगतो तुम्हाला, डिंकाचे लाडू जास्त झालेत."

आमच्या घरात सगळ्या रोगांचं मूळ उष्णता. मी लाडू बंद केले.

पुळी आठ-दहा दिवसांत बसते किंवा फुटते. ही दोन्ही करेना. खपली निघायची, खाली टाचणीच्या डोक्याएवढा लाल खड्डा दिसायचा, चार दिवसांत वर परत खपली. मोठी होत नव्हती, कमी होत नव्हती. आणि दुखणं तर तिच्या आकाराला अजिबात न शोभणारं. फोन कानाला लावला की कळ. न्हाव्यानं कात्री चालवताना कान वाकवला की कळ. अंगातला शर्ट डोक्यावरून काढताना कॉलर घासली तरी कळ. पण हे सगळं दिवसाचं, हात आवरता येतो. रात्रीचं काय करणार? झोपेत कूस बदलली की उशी कानाला लागायची आणि मी खाडकन जागा. घड्याळात दोन. पुन्हा डोळा लागायचा, पुन्हा कूस, पुन्हा कळ. तीन. पाच वाजता दूधवाल्याच्या किटल्यांचा आवाज आला की हायसं वाटायचं, चला, आता झोपायला नको.

असं दुखणं लोकांना सांगता येत नाही. गुडघा दुखतो म्हटलं तर माणसं खुर्ची पुढं करतात. कान दुखतो म्हटलं की विचारतात, "आत का?" नाही, बाहेर. "बाहेर काय दुखायचं?" खरं तर आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे. कान धरणं, कान पिळणं, कान उपटणं, कान टोचणं, हे सगळं बाहेरच्या कानाचंच. आमचे चौथीचे गुरुजी कानाची बरोबर हीच वरची कड अंगठा आणि तर्जनीत धरून अर्धा फेरा द्यायचे. पाळी पिळली तर पोरगं हसतं आणि कड पिळली तर रडतं, हे त्यांना शरीरशास्त्र न शिकता कळलेलं होतं. पाळीत चरबी असते, कडेत नसते, एवढाच तो फरक. मला तो साठाव्या वर्षी कळला.

मग उपाय सुरू झाले. शेजारच्या काकूंनी लसूण घालून कडवलेलं तेल दिलं. मी लावलं नाही, कारण लहानपणी याच उजव्या कानात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, असलं तेल पुष्कळ ओतलं होतं आणि त्याचं काय झालं ते पुढे सांगतो. हळद आणि साजूक तूप लावून पाहिलं, उशीचा अभ्रा पिवळा झाला. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात सांगितलं तर त्यानं विचारपूस न करता एक ट्यूब काढून दिली, स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक तिन्ही एकत्र असलेली. आपल्याकडे खाज, नायटा, पुरळ, सगळ्याला हीच एक ट्यूब चालते. लाली उतरली, कळ राहिली. दुसरी ट्यूब संपली तेव्हा गाठीभोवतीची कातडी पतंगाच्या कागदासारखी दिसायला लागली. मग एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लांबूनच पाहिलं, जंतुसंसर्ग म्हणाले, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पोट बिघडलं.

एवढं झाल्यावर मी काय केलं? काहीच नाही. दोन महिने गप्प बसलो. त्याचं कारण कुणाला सांगितलं नव्हतं, इथं लिहितो. आमच्या नात्यात एकाला गालावर असलीच न भरणारी खपली आली होती आणि ती "तसली" निघाली होती. आमच्याकडे तो शब्द उच्चारत नाहीत. तसलं काही निघालं तर, म्हणून मी बघायलाच जात नव्हतो. मशिनचा आवाज बदललाय हे कळत असताना उघडून न बघणाऱ्या ऑपरेटरला मी किती बोललो असेन.

मार्चमध्ये हिनं हात धरून त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. भिंगाचा दिवा लावून त्यांनी कान बराच वेळ पाहिला. मग बोटाच्या टोकानं गाठीला अगदी हलकं टेकवलं, मी खुर्चीतून उठलोच. त्या "सॉरी" म्हणाल्या, पण चेहरा उत्तर सापडल्यासारखा झाला होता.

"काका, कुठल्या कुशीवर झोपता?"

कानाच्या गाठीसाठी गेलेल्या माणसाला हा प्रश्न अपेक्षित नसतो. उजव्या, म्हटलं.

"कायम उजव्याच?"

कायम.

त्यांनी कागदावर नाव लिहून दिलं. कॉन्ड्रोडर्मटायटिस नोड्युलॅरिस हेलिसिस. घरी येऊन फोड करून पाहिली तर त्यात कूर्चा, कातडी, दाह, गाठ आणि कानाची कड एवढे शब्द ओळीनं जोडलेले. म्हणजे ते नाव नव्हतंच, जॉब कार्ड होतं: कुठला पार्ट, कुठली बाजू, काय बिघाड. मॅक्स विंकलर नावाच्या स्विस त्वचारोगतज्ज्ञानं १९१५ साली याचं वर्णन केलं, म्हणून विंकलरची गाठ असंही म्हणतात. मला ते बरं पडतं. निदान फोनवर सांगता येतं.

बाईंनी समजावलं ते मी माझ्या पद्धतीनं सांगतो. कान म्हणजे वाकवलेला पातळ पत्रा आणि त्यावर ताणून चिकटवलेलं रेक्झिन. पत्रा म्हणजे कूर्चा, ज्याला आपण मऊ हाड म्हणतो. रेक्झिन म्हणजे कातडी. दोन्हींच्या मध्ये टाचेखाली किंवा ढुंगणावर असते तशी चरबीची गादी जवळपास नाहीच. त्यातून या कूर्चेला स्वतःची रक्तवाहिनी नसते. तिच्यावर घट्ट बसलेल्या एका पातळ आवरणातून झिरपेल तेवढंच तिचं पोषण. आता माणसाचं डोकं भरतं साडेचार-पाच किलो. कुशीवर झोपलं की त्यातलं बरचसं वजन गाल, कानशील आणि कानाच्या त्या उभ्या कडेवर येतं. वजन तेच, पण टेकायची जागा जितकी अरुंद तितका दाब जास्त. टाचणी याच हिशोबावर चालते. दाबाखाली बारीक रक्तवाहिन्या मिटतात, कातडी आणि कूर्चेची कड उपाशी राहते, एक रात्र नाही, हजारो रात्री. शेवटी कडेचा तेवढा कण खराब होतो, तिथं दाह धरतो आणि शरीर तो खराब कण कातडीतूनच वर ढकलून द्यायला बघतं. तो मधला खड्डा आणि खपली म्हणजे तेच. भरायला घेतलं की रात्र होते, वर पाच किलो येऊन बसतात.

वय झालं की वाहिन्या आधीच थकलेल्या असतात. थंडीनं त्या आणखी आकसतात, म्हणून बहुतेक माझी गाठ डिसेंबरात बोलायला लागली. जन्मभर कानाच्या कडेवर पडलेलं ऊनही कातडी कमजोर करतं. पुरुषांना हे जास्त होतं, साधारण पन्नाशीनंतर, आणि बहुधा माझ्यासारखं वरच्या कडेवर. बायकांना झालं तर बऱ्याचदा कडेच्या आतल्या दुसऱ्या घडीवर होतं. मोबाइल दाबून धरणं, घट्ट हेडफोन, हेल्मेट, हे सगळे हातभार लावणारे.

"म्हणजे हे बेडसोरच झालं," मी म्हणालो.

बाई थांबल्या. "तसंच. तुम्हाला बेडसोर माहितीय?"

माहितीय म्हणजे काय.

आबांचा खुबा मोडला तेव्हा ते पंच्याऐंशीचे होते. शेवटचे अकरा महिने ते सोप्यातल्या कॉटवर होते. घरी येणाऱ्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतील, आणि एकदा झाल्या की भरायच्या नाहीत. एअर बेड भाड्यानं आणला. त्याचा पंप रात्रभर घुरघुरायचा, एकदा या नळ्या फुगायच्या, एकदा त्या. तरी कूस बदलावी लागायचीच. अकरा, एक, तीन, पाच. मी गजर लावायचो, पण बहुतेक वेळा गजराच्या आधी आबाच हाक मारायचे. हाक म्हणजे नुसतं "ए" एवढंच. तालमीत घुमलेला आवाज शेवटी तेवढाच राहिला होता.

त्यांच्या कॉटच्या बाजूला जमिनीवर गादी टाकून मी झोपायचो. तेही अकरा महिनेच नाही. आई गेल्यापासून नऊ वर्षं आबा सोप्यात झोपत आणि मी त्यांच्याजवळ. रात्री त्यांना लघवीला उठवायचं, पाणी द्यायचं. आणि मी कायम उजव्या कुशीवर. कारण साधं होतं. माझा उजवा कान लहानपणी फुटला. पंचगंगेत दिवसभर डुंबायचं, कान वाहायचा, आबा त्यात कोमट तेल सोडायचे. पडद्याला भोक असताना कानात काहीही ओतायचं नसतं हे तेव्हा पेठेत कुणाला माहीत होतं? असो, त्या कानाला पुढं ऐकू कमीच. मग रात्री तो निकामी कान उशीत खुपसायचा आणि चांगला डावा कान वर ठेवायचा. हाक चुकू नये म्हणून. उशीही आईच्या वेळची, कापसाचा गठ्ठा होऊन विटेसारखी झालेली. पिंजून घ्यायची असं नऊ वर्षं ठरत होतं.

आबांच्या पाठीवर एकही जखम झाली नाही. सिस्टर येईल त्याला हे सांगायच्या.

आबा जाऊन दोन वर्षं झाली. मी सोप्यातून आत झोपायला गेलो, उशी बरोबर गेली, कूसही.

बाईंना मी यातलं सगळं सांगितलं नाही. पण आबा पैलवान होते एवढं बोलण्यात आलं, आणि त्यांनी लगेच विचारलं, "कान मोडलेले होते?" कोल्हापुरात डॉक्टरकी करणाऱ्याला हे विचारावं लागतंच.

दोन्ही मोडलेले होते. सुंठेच्या खड्यासारखे. आबा गंगावेशीच्या तालमीत लढले. खासबागेत, म्हणजे शाहू महाराजांनी बांधलेल्या आणि १९१२ पासून कुस्तीची पंढरी झालेल्या त्या मैदानात त्यांची एकच कुस्ती लागली आणि ती बरोबरीत सुटली. तिची गोष्ट मात्र आम्ही शंभरदा ऐकली, आणि दर वेळी प्रतिस्पर्धी इंचभर उंच व्हायचा. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, त्याच वर्षी आबांनी लंगोट खुंटीला लावला. कान तेवढे राहिले. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून ते कान चाचपायचो. दगडासारखे लागायचे. दुखतं का विचारलं तर म्हणायचे, "आता काय दुखायचंय त्यात? जे दुखायचं ते त्या येळंला दुखून गेलं."

पैलवानाच्या कानाचं गणित वेगळं आहे, पण घर तेच. डाव टाकताना, मान पकडीत अडकलेली असताना कान रगडला जातो, आणि कूर्चेवरचं ते पोषण देणारं आवरण तिच्यापासून सुटतं. मधल्या पोकळीत रक्त भरतं, कान फुग्यासारखा फुगतो. पोषण तुटलं की कूर्चा मरते आणि त्या जागी वेडीवाकडी नवी वाढते, गाठी होतात. चार-आठ दिवसांच्या आत डॉक्टरकडून ते रक्त काढून घेतलं आणि आवरण परत चिकटावं म्हणून वरून घट्ट दाबून बांधलं, तर कान वाचू शकतो. पण वाचवायचा कुणाला होता? मोडलेला कान ही तालमीची सही. आमच्या लग्नात हिच्या मामांनी आबांकडे बघून म्हटलं होतं, "पावण्यांची वळख सांगायला नको."

बाई हसून म्हणाल्या, "बघा, तुमच्या वडिलांच्या कानाला दाब हवा होता, तो मिळाला नाही. तुमच्या कानाला नकोय, तर तो रोज मिळतोय."

मग त्या गंभीर झाल्या. कानाची कड ही उन्हातली जागा, आणि कातडीचा कर्करोगही नेमका तिथं होतो. दिसायला दोन्ही सारखे असू शकतात. ही गाठ फार दुखते, तो सुरुवातीला बहुधा एवढा दुखत नाही, पण दुखण्याच्या भरवशावर सोडून द्यायचं नाही. तीन महिन्यांहून जास्त न भरलेली खपली आहे, तुकडा काढून तपासू. शब्द उच्चारला गेला आणि छत कोसळलं नाही. भूल देण्याची सुई मात्र, खोटं कशाला बोलू, गाठीच्या सगळ्या कळांची आई होती. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी तीन जॉब चुकीच्या मापाला काढले. पोरं काही बोलली नाहीत.

रिपोर्ट साधा आला. हिनं अंबाबाईला ओटी भरली. माझ्या कानासाठी साडी-चोळी, देवीलाही गंमत वाटली असेल.

उपचाराची चिठ्ठी दोन ओळींची होती. खपलीवर साधी पेट्रोलियम जेली, आणि नायट्रोग्लिसरीनचं मलम दिवसातून दोनदा अगदी थोडं. छातीत कळ आली की जिभेखाली गोळी ठेवतात ना, तेच औषध. रक्तवाहिन्या सैल करतं. हृदयाच्या ऐवजी कानाच्या कडेला रक्त पोचवायचं, एवढाच बदल. याच रसायनातून आल्फ्रेड नोबेलनं १८६७ साली डायनामाइट केलं आणि पुढं म्हातारपणी त्याच्याच हृदयाला डॉक्टरांनी हेच औषध सांगितलं. डोकं दुखू शकतं, चक्कर येऊ शकते, असं बाईंनी आधीच सांगितलं. बीपीच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारलं, आणि "त्या दुसऱ्या" गोळ्या घेता का, हेही विचारलं, कारण त्या आणि हे औषध एकत्र चालत नाही. ही शेजारीच बसली होती. नाही म्हणताना माझे दोन्ही कान लाल झाले.

खरी मजा दुकानात झाली. हे मलम आपल्याकडे विकलं जातं ते मुख्यतः गुदद्वाराच्या चिरेसाठी. दुकानदारानं ट्यूब देताना आवाज खाली आणला आणि अतिशय सहानुभूतीनं म्हणाला, "काका, तिखट बंद करा, पाणी जास्त प्या. शौचाच्या आधी लावायचं." मी म्हटलं, कानाला लावायचंय. तो माझ्याकडे बघत राहिला. पहिले चार दिवस माझं डोकं ठणकलं, मग सवय झाली.

पण बाईंनी निघताना सांगितलं होतं, की मलम हा मदतनीस आहे, खरं औषध म्हणजे दाब काढणं. तो निघाला नाही तर स्टेरॉइडचं इंजेक्शन द्या, गाठ गोठवा, नाहीतर कापून कूर्चेची खराब कड काढा, पुन्हा त्याच उशीवर तेच डोकं ठेवलं तर शेजारी नवी गाठ उठते. कूस बदला. नाही जमली तर मध्ये भोक असलेली उशी वापरा, कान भोकात लोंबकळत राहिला पाहिजे.

कूस बदलायचा प्रयत्न केला. डावीकडे तोंड करून झोपायचो, पहाटे उजवीकडेच सापडायचो. हिनं पाठीशी लोड लावला, तो मी झोपेत ढकलून दिला. नऊ वर्षांची ड्यूटी अशी सुटत नाही.

मग उशी. तयार मिळतात म्हणे, मागवता येतात. पण ज्याच्या घरी तीन लेथ आणि एक ड्रिल मशिन आहे, त्यानं भोक विकत आणायचं? वर्कशॉपात बसून आधी कान व्हर्निअरनं मोजला. उंची साडेसहा सेंटिमीटर, कडेला स्पर्श न करता, श्वास रोखून. गादीवाल्याकडून तीन इंच जाडीचा चाळीस डेन्सिटीचा फोम आणला. फोमला भोक पाडणं दिसतं तेवढं सोपं नाही. कात्रीनं काठ दातेरी येतो, सुरीनं तिरपा. शेवटी पाइपचा तुकडा घेतला, लेथवर त्याची एक कड आतून-बाहेरून सुरीसारखी पातळ केली आणि ड्रिल मशिनला लावून फोमवर उतरवला. सरसर गेला. चकतीसारखा फोम बाहेर आला. आमचा जुना फिटर शेजारी येऊन बराच वेळ बघत उभा राहिला.

"मालक, हे कुठल्या गाडीचं गॅस्केट म्हणायचं?"

चुकला नव्हता. काम तेच, मधली जागा मोकळी सोडून भोवतालच्या कड्यावर भार घ्यायचा. पहिलं भोक साडेसात सेंटिमीटरचं पाडलं. रात्री थोडं डोकं सरकलं की कड कानाला लागायची. दुसरं अकराचं, तर त्यात अर्धा गाल गेला आणि सकाळी मान धरली. नऊवर जमलं. एक चूक तरीही राहिली होती. उशीला अभ्रा ताणून घातला होता, म्हणजे भोक खाली आणि वर ढोलकीसारखं कापड, कान कापडावरच टेकलेला. हे लक्षात यायला पाच रात्री गेल्या. मग हिनं अभ्र्यालाही गोल पाडून काठ शिवून दिला. शिवताना म्हणाली, "सासऱ्यांची कॉट झाली, एअर बेड झाला. आता उशीला मोरी. काय काय बघायचं राहिलंय अजून, मला तरी कळू दे, मी लिहून ठेवतो."

पहिल्या आठवड्यात फरक शून्य. दुसऱ्या आठवड्यात एकदा सलग चार तास झोपलो. असल्या दुखण्याला महिने लागतात, बाईंनी सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खपली निघाली आणि खालचा खड्डा लाल नव्हता, गुलाबी होता. मे महिना संपता संपता मी फोन उजव्या कानाला लावला आणि बोलणं संपल्यावर लक्षात आलं की दुखलं नाही. मग मुद्दाम दाबून पाहिलं. थोडं दुखलं. मूर्खपणा.

जूनमध्ये मुंबईला जायचं झालं. रात्रीच्या स्लीपर बसमध्ये मोरीची उशी न्यायची लाज वाटली. बसमधली उशी म्हणजे काय ते प्रवास करणाऱ्याला ठाऊक आहे. खिडकीच्या काचेला डोकं टेकून, पुण्यापर्यंत खड्ड्याखड्ड्यावर कान ठोकत गेलो. परत आलो तेव्हा गाठ मसुराएवढी हजर. तीन आठवडे पुन्हा पहिल्यापासून. आता बाहेरगावी जाताना उशी पिशवीत असते. लॉजवरची पोरं बघतात. बघू देत.

आता फक्त कड जराशी टणक लागते. खासबागेसमोरून जाताना अजूनही मोडलेल्या कानांची पोरं दिसतात, हातात दुधाचे तांबे, लाल माती मानेला चिकटलेली. कुणाचा कान ताजा सुजलेला दिसला की सांगावंसं वाटतं, लेका, आजच जा, रक्त काढून घे, घट्ट बांध. एकाला सांगितलंही. त्यानं नमस्कार केला आणि मित्राकडे बघून हसला. आबा असते तर माझ्यावर हसले असते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस सकाळी जाग आली ती एकदम सात वाजता. ऊन नव्हतं, पण उजेड बराच वर आला होता. मी भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर झोपलेलो. चांगला कान उशीच्या भोकात आणि फुटका वर. ही दारात चहा घेऊन उभी.

"किती हाका मारल्या," ती म्हणाली. "रात्रभर पाऊस नुसता पत्र्यावर बडवत होता. परड्यातली केळ आडवी झाली. राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय म्हणं. तुम्हाला कायच कळलं न्हाई?"

काहीच ऐकू आलं नव्हतं. मी उठून चहा घेतला.